बिशपांचा कप

१२ मे, रविवार
मिस्सेनंतर चर्चच्या दाराशी नोटीस पाहिली. टीव्हीवरचा ‘घरचा ठेवा’ हा कार्यक्रम २० जूनला गावातल्या हॉलच्या बागेत होणार. ज्याने त्याने घरातली जुनी वस्तू आणायची, जाणकार ती बघून किंमत सांगणार. मी आजीचा टी-सेट नेणार.

पैशासाठी नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. नोव्हेंबरात हे घर सोडून मला एका खोलीच्या फ्लॅटमध्ये जायचं आहे. तिथे एकवीस नगांचा सेट मावणार नाही. आणि डॉमिनिक म्हणतो, “आई, आमच्याकडे कॉफीचे मग आहेत की.” मुलगा वाईट नाही. त्याला कुणीतरी समजावून सांगायला हवं, एवढंच. आईचं कोण ऐकतं? टीव्हीचं सगळे ऐकतात.

१५ मे
ॲग्नेसला सांगितलं. कॉन्व्हेंटपासूनची मैत्रीण. साठ वर्षं प्रेमाने माझा पाणउतारा करते आहे. म्हणाली, “विनी, असले सेट जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानात ढिगाने पडलेत. कुत्र्याला पाणी द्यायलाही कुणी नेत नाही.” मी म्हटलं, त्यातल्या एका तरी कपातून बिशप चहा प्याले आहेत का? मग म्हणाली, “म्हणजे तो घाणेरडा कपपण नेणारेस?”

घाणेरडा! १९४९ साली नव्या चर्चला आशीर्वाद द्यायला बिशप आले, नेमका त्याच सकाळी फादरांच्या घरचा बॉयलर फुटला, म्हणून चहा आमच्याकडे झाला. मी सहा महिन्यांची होते. माझ्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. आजीने तो कप पुन्हा कधी धुतला नाही. तळाशी चहाचं तपकिरी कडं अजून आहे. घरात कुणाला ताप आला की आजी तो कप उशाशी ठेवायची. आम्ही बरे व्हायचो.

२ जून
संकल्प: रोज आरशासमोर दहा मिनिटं. त्या कार्यक्रमात किंमत ऐकून माणसं आधी दचकतात आणि मग म्हणतात, “विकणार मात्र नाही हं, घरातच राहणार.” दचकणं जमतं. दुसरं वाक्य म्हणताना आवाज घोगरा होतो. हवेमुळे असेल.

गोड बंद. टीव्हीवर माणूस जाड दिसतो.

९ जून
लीड्सहून डॉमिनिकचा फोन. वीस तारखेला येशील का, विचारलं. “गुरुवार आहे गं, काम असतं.” पण नंतर त्याने आपणहून विचारलं, “तो सेटचा खोका केवढा आहे?” म्हणजे रस आहे.

ॲग्नेस म्हणाली, “गाडीत मावतो का ते बघत असेल, टाकून यायला.” तिला मूलबाळ नाही. तिला काय कळणार. (केक खाल्ला. तिचा वाढदिवस होता.)

२० जून, संध्याकाळी ७
तीन तास रांग. पाऊस. माझ्या पुढे एकजण ढकलगाडीतून घड्याळ घेऊन आला होता. त्याने विचारलं, तुमच्या बिस्किटांच्या डब्यात काय? मी म्हटलं, बिशप. त्याने टोपी काढली.

चिनी मातीच्या भांड्यांच्या टेबलापाशी जाणकार मिस लासेल्स होत्या. हात फार मायाळू. म्हणाल्या, “किती छान जपलाय तुम्ही. असे हजारो निघाले त्या काळी. एखाद्या चहाच्या दुकानाला हवा असेल, तर तीस पौंड.” मी दचकले. तालीम दुसऱ्या दिशेची केली होती, पण दचकले.

मग त्यांना तो कप दिसला. “हा भिजत घालायला हवा,” म्हणाल्या. मी बिशपांची हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा काढला आणि कॅमेरावाल्यांना बोलावलं!

कॅमेऱ्यासमोर त्यांनी सहाही कप उपडे केले. पाचांच्या तळावर कारखान्याचा एक शिक्का, सहाव्यावर दुसरा. “मिसेस थ्रेलफॉल,” त्या हळूच म्हणाल्या, “हा शिक्का १९५५च्या आधी नव्हताच. बिशप ज्यातून प्याले, तो कप हा नव्हे.” मी म्हटलं, शिक्का मारणाऱ्याची चूक झाली असेल. लोक हसले. वाईट हसले नाहीत.

त्यांनी विचारलं, “तुमच्यानंतर हा सेट कुणाकडे?”

“माझ्या मुलाकडे,” मी म्हटलं. “त्याने त्यासाठी कपाटसुद्धा करून घेतलंय.”

हे ठरवलेलं नव्हतं. आवाज अजिबात घोगरा झाला नाही.

२१ जून
कारखान्याला पत्र लिहून शिक्क्याचा खुलासा मागवणार.

२३ जून, रविवार
पत्र लिहिलं नाही. मिस्सा चालू असताना एकदम आठवलं. मी सात वर्षांची असेन. स्वयंपाकघराच्या खिडकीत आईने काळ्याकुट्ट चहाचा एक कप ठेवला होता. आठवडाभर. रोज थोडा आटायचा, रोज ती वरून चमचाभर घालायची. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, “गप्प. आजीजवळ बोललीस तर बघ.” मला वाटलं, औषध.

खरा कप धूळ पुसताना आईच्याच हातून फुटला असणार. आजीला कळू नये म्हणून तिने बिशप परत आणले.

त्यानंतरच मला गोवर आला होता. कप उशाशी होता. आणि मी बरी झाले.

हे सगळं डॉमिनिकला सांगायला हवं. ऐकल्यावर तो नाही म्हणूच शकणार नाही. फोनवर नको. समोरासमोर.

१३ ऑक्टोबर, रविवार
आज कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. ॲग्नेस आणि अर्धं चर्च माझ्या हॉलमध्ये. मी दोन मिनिटं होते. केस बरे दिसले. कपाटाचं वाक्य कापलं नव्हतं. ॲग्नेसने माझ्याकडे पाहिलं आणि चक्क टोमणा मारला नाही.

फोन दोनदा वाजला. एकदा फादर. एकदा खिडक्यांना दुहेरी काच बसवून देणारे.

साडेनऊला डॉमिनिकचा मेसेज: सॉरी आई, विसरलो. नंतर बघतो. इंटरनेटवर महिनाभर कधीही बघता येतो म्हणे, तेव्हा घाई नाही.

२ नोव्हेंबर, शनिवार
डॉमिनिक आला, घर आवरायला. कार्यक्रम अजून बघितला नाही, कामच तसं आहे. मी वर चादरींच्या घड्या करत होते. सांगायचं ते मनात नीट जुळवत होते. खाली आले तर हा सिंकपाशी, बाह्या वर करून. शाळेत असताना भांडी घासायला लावलं की रडायचा.

“आई, सगळा सेट धुऊन ठेवला. धर्मादाय दुकानात द्यायचा तर स्वच्छ द्यावा. एक कप फारच घाण होता गं. सोडा घालून अर्धा तास घासला. बघ आता.”

आतून पांढराशुभ्र. इतका खूश होता. दहा वर्षांचा असताना वडिलांचे बूट चमकवून असाच दाखवायला आणायचा.

“छान केलंस, राजा,” मी म्हटलं.

बाकीचं सांगितलं नाही. वेळ नव्हता.

सेट खोक्यातून दुकानात गेला. पण तो एक कप नाही! मी खिडकीतून पाहिलं. दोन्ही हातांनी जपून धरून त्याने तो गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला आणि लीड्सला नेला. इतक्या कपांतून नेमका तोच. म्हणजे घरातच राहिला. टीव्हीवर मी खोटं बोलले नव्हते.

५ नोव्हेंबर
नवा फ्लॅट. पलंग जोडता येईना, स्क्रूच नाहीत. डॉमिनिकला फोन केला. “अरे हो! पलंग सुटा केला तेव्हा सांडू नयेत म्हणून एका कपात ठेवले होते. गाडीतच राहिले बघ.”

गादी जमिनीवर. झोपणं सोपं आहे. उठताना भिंतीवरचा रेडिएटर धरावा लागतो.

८ नोव्हेंबर
पोस्टाने जाड पाकीट आलं. चिकटपट्टीत गुंडाळलेले स्क्रू, सोळाच्या सोळा. चिठ्ठी: सॉरी आई, लवकर येतो.

कपाबद्दल काही लिहिलेलं नाही. पाकीट दोनदा हलवून पाहिलं.

म्हणजे ठेवून घेतला.