पोटातून तडकलेला ठ

आई, काल नातीने संगणकावर एक नवं अक्षरवळण दाखवलं. जाडजूड, कुठे नाजूक वळण नाही, आणि कडा मुद्दाम खरवडलेल्या, मधेच शाई उडाल्यासारख्या. सिनेमाच्या पोस्टरांना असलं लागतं म्हणे. "आजी, किती बंडखोर दिसतं ना!" ती म्हणाली. मला आधी हसू आलं, मग रागच आला. आता तडेसुद्धा तयार मिळतात.

संस्थान विलीन झालं तेव्हा दरबारी जाहीरनामे छापायचे मोठे लाकडी खिळे, एकेकावर एकेक अक्षर कोरलेले, जव्हारात रद्दीत निघाले होते. बाबा नुकतेच गेलेले, त्यांचं पायाने चालवायचं छपाईयंत्र तुझ्या वाट्याला आलेलं. लोक चुलीत घालणार होते ते खिळे तू ओच्यात भरून आणलेस. वाळवीने कुरतडलेले, कोपरे उडालेले. ठ तर पोटातून उभा तडकलेला.

पुढे काही वर्षांनी मोखाड्याकडच्या बायका आपल्या ओसरीवर येऊन बसल्या. जंगलाचा ठेकेदार त्यांच्या गावाकडून लाकडं फुकट वाहून घेत होता. त्यातली म्हातारी म्हणाली, "बाय, मोठा लिव. आमाला वाचाया येत नाय, पन लांबून दिसाया पायजे." तू लाकडी खिळ्यांचा खण ओढलास. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी होते, यंत्र मीही चालवायचे. मी तुझा हात धरला. "शिशाचे घे आई. ते सगळीकडे सारखे असतात, कोणी ओळखणार नाही. हा तडकलेला ठ आपलाच, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"लहान अक्षरात नाही म्हटलेलं कोणाला ऐकू येणार?" तू म्हणालीस, आणि जुळवलंस: वेठ करणार नाही.

बायकांनी ते कागद झाडांवर, नाक्यावर, ठेकेदाराच्या वखारीच्या दारावरही चिकटवले. दोन दिवसांनी त्याचा मुकादम आला. मला तो आत्ताही दिसतो. उंबऱ्यात उभा आहे, हातात फाडलेला कागद, बोट ठ वर. "वहिनी, हा तुमचाच. खिळे चोरीला गेले होते असं सांगा, मालक विसरून जातील."

"चोरीला नव्हते गेले. मी जुळवलं, मी छापलं."

"आमचं छपाईचं सगळं काम तुमच्याकडे येणं बंद होईल मग."

जुळवणी अजून यंत्रावरच होती. रुळाने शाई फिरवलीस, पाय मारलास आणि ओला कागद त्याच्या हातात दिलास. "तो फाटलाय. हा घेऊन जा."

काम बंद झालंच. व्यापाऱ्यांनीही पाठ फिरवली. लग्नपत्रिका आणि शिवणकाम यांवर तू घर चालवलंस. पण त्या बायका लाकडाला हात लावायला गेल्या नाहीत, आणि पुढच्या हंगामात ठेकेदाराला रोख मजुरी द्यावी लागली. नातेवाईक अजून म्हणतात, तुझ्या आईने हट्टापायी भरला छापखाना बुडवला. म्हणोत. बुडवला तर बुडवला. फुकट राबणं बंद झालं, ते त्यांच्या शहाणपणाने झालं नव्हतं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक लिहिते. मी सगळ्यांना सांगत आले की तू त्या दिवशी जराही डगमगली नाहीस. मी तुझ्या शेजारीच उभी होते, आई. यंत्रावर पाय मारताना तुझा गुडघा लटलट कापत होता.