डबल बेल

४ मार्च २०२४, सोमवार

आज परत तेच. मगरपट्ट्याच्या स्टॉपवर गाडी उभी. उतरणारे उतरले, आणि माझा हात बेलच्या दोरीवर तसाच. छातीत धडधड, बोटांना मुंग्या. श्वास वरच्या वर. वाटलं, इथंच मरणार मी, गळ्यातल्या तिकिटाच्या मशीनसकट! मागून एक काका म्हणाले, "अहो बाई, बेलचा मुहूर्त संध्याकाळचा आहे का?" सगळे हसले. शेवटी माझ्या ड्रायव्हरनं, तात्यारावांनीच आरशात बघून गाडी काढली.

दहा वर्षं कंडक्टर आहे मी. एक बेल थांबायला, दोन निघायला. जानेवारीपासून त्या दोन हातून सुटत नाहीत.

५ मार्च

रजा टाकली. दिवसभर नाडी मोजत बसले.

९ मार्च, शनिवार

ईसीजी झाला. तिसरा! थायरॉइडही तपासलं. डॉक्टर म्हणाले, "तुमचं हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे पॅनिक अटॅक आहेत. कौन्सेलरकडे जा." शनिवार पेठेतला पत्ता दिला.

घरी सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला नव्हती हो असली दुखणी. वेळच नव्हता." यशपाल, माझा नवरा, जेवण झाल्यावर हळूच म्हणाला, "डेपोत कुणाला सांगू नकोस. वेडी म्हणतील."

मला स्वतःलाही तसंच वाटतंय, हे त्याला कुठं सांगू?

१४ मार्च, गुरुवार

गेले. जिना चढतानाच परत फिरणार होते. कौन्सेलर पूर्वा मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. पंखा लावला, पाणी दिलं, आणि विचारलं, "सगळ्यात आधी कधी झालं?"

सांगितलं. १६ जानेवारी. खराडीच्या पुढच्या स्टॉपवर एक म्हातारे गृहस्थ मागच्या दारानं उतरत होते. मी डबल बेल दिली, गाडी हलली, ते पडले. रंगनाथ त्यांचं नाव. खुबा मोडला. रिक्षात घालून मीच दवाखान्यात नेलं. चौकशी झाली. "प्रवासी उतरताना दिसले नाहीत" असं मी लिहून दिलं. साहेबांनी माझा दोष नाही म्हणून कागद बंद केला.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पाच मिनिटांत मरणार असं वाटतं. किती वेळा मेलात?"

हसू आलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आणि लगेच रडू.

निघताना गृहपाठ दिला. अटॅक आला की वेळ लिहायची, दहापैकी किती ते लिहायचं, तेव्हा डोक्यात काय चाललं होतं ते लिहायचं. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा.

१५ मार्च

सकाळी ८:१०. दहापैकी नऊ. डोक्यात — "कुणीतरी दारात आहे."

२२ मार्च, शुक्रवार

पोटात कालवाकालव, हात गार, उगाच चिडचिड, तिकीट देताना नजर दाराकडे — ही सगळी एकाच झाडाची पानं आहेत म्हणे. मी वेगवेगळी दुखणी समजत होते. पित्ताच्या गोळ्या खात होते!

मॅडम म्हणाल्या, "जे टाळाल ते मोठं होईल." मग कागदावर पायऱ्या लिहायला लावल्या. सगळ्यात खाली सोपी भीती, वर अवघड. उभ्या गाडीत बसणं. उभ्या गाडीत बेल वाजवणं. एक स्टॉप. पूर्ण फेरी. सगळ्यात वरची पायरी मी कोरी ठेवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि कागद घडी करून माझ्या हातात दिला.

३ एप्रिल, बुधवार

डेपोत रिकाम्या गाडीत बसले. तात्याराव ड्यूटी संपवून थांबले होते. शेवटी त्यांना सांगितलंच. वाटलं, हसतील. म्हणाले, "माझ्या भावाला होतं हे. आम्ही त्याला अंगात आलंय म्हणून फिरवला गावोगाव. तू वाजव, मी बसतो इथं."

चाळीस वेळा वाजवली. पहिल्या दहा वेळा नजर दाराकडे जात होती. मग कंटाळा आला. कंटाळा! किती छान वाटला तो.

जाताना म्हणाले, "तुला दिसले नव्हते ते. विषय संपव आता."

मी मशीन पिशवीत घालत राहिले.

११ एप्रिल, गुरुवार

हडपसर ते वाघोली, पूर्ण फेरी. दहापैकी पाच, सहा, एकदा आठ. उतरले नाही. यशपाल जिलेबी घेऊन आला. सासूबाईंनी दोन खाल्ल्या. म्हणाल्या, "त्या बाई गुडघ्यांचं बघतात का गं?"

१८ एप्रिल, गुरुवार

मॅडमनी आज कोऱ्या पायरीवर बोट ठेवलं. "इथं काय आहे?"

"रंगनाथकाकांना भेटणं."

"ते कसे आहेत आता?"

माहीत नाही. तीन महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही. दवाखान्यातून घरी सोडलं, एवढंच ऐकलं होतं. त्या स्टॉपवर मान फिरवून घेते मी. मॅडम म्हणाल्या, "घाई नाही. पण आहे ती पायरी, एवढं लिहा." लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं.

२८ एप्रिल, रविवार

वाघोलीला गेले. पत्ता विचारत विचारत. पत्र्याचं छप्पर, दारात तुळस नाही, कढीपत्त्याचं झाड. त्यांच्या पत्नी तुळजाबाई गहू निवडत होत्या.

मी म्हटलं, "त्या गाडीची कंडक्टर मी. तनुजा. काका कसे आहेत?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "ते गेले की. सहा फेब्रुवारीला. खाटंवर पडून पडून छातीत कफ झाला."

सहा फेब्रुवारी! त्या दिवशी मी कामावर होते. लोकांना आत सरका, आत सरका म्हणत होते.

तुळजाबाईंनी पाणी दिलं. समोर बसून माझ्याकडे बघत राहिल्या, काहीतरी ऐकायचं असल्यासारख्या. मी म्हटलं, "फार वाईट झालं, मावशी." एवढंच. निघताना म्हणाल्या, "परत ये."

रस्त्यावर येऊन एका टपरीचा खांब धरला. दहापैकी दहा. श्वास मोजला नाही. सोडूनच दिला, होऊ दे काय व्हायचं ते.

२ मे, गुरुवार

आज मॅडमना सांगितलं. जे या वहीतही लिहिलं नव्हतं ते.

मी रंगनाथकाकांना पाहिलं होतं. एक पाय पायरीवर, एक खाली लोंबता. त्यांनी माझ्याकडे बघून हात केला, थांब म्हणून. गाडी पंचवीस मिनिटं लेट होती, लोक ओरडत होते. वाटलं, उतरतील तेवढ्यात. आणि डबल बेल दिली.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. वाटलं, आता म्हणतील, "तुमची चूक नाही." सगळे म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "तनुजा, हे श्वासानं जाणार नाही."

"मग?"

"तुम्हाला काय वाटतं, हे कुणाला कळायला हवं?"

मी तुळजाबाईंचं नाव घेतलं. त्यांनी मान हलवली. घरी येईपर्यंत रडले, रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं. पण अटॅक आला नाही. नुसतं रडू होतं ते. फरक कळतो आता.

यशपालला सगळं सांगितलं. म्हणाला, "नोकरी गेली तर?" मग थोड्या वेळानं, "मी येऊ का बरोबर?" नको म्हटलं.

५ मे, रविवार

सांगितलं. उभ्या उभ्या, दारातच.

तुळजाबाई म्हणाल्या, "ठाऊक हाय मला. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, बाईनं बघितलं म्हणून. तकरार करू नगं म्हणाले. रोज इचारायचे, ती पोरगी आली का? रागवायचं नव्हतं त्यास्नी. तिला सांगायचं हाय म्हणायचे, मनाला लावून घिऊ नगं."

तीन आठवडे. रोज.

हडपसरहून वाघोलीला मी रोज दोन फेऱ्या करत होते.