चौथी खुर्ची

१९ एप्रिल, मंगळवार

विकले नाहीत. आधी हे लिहून ठेवते, मग बाकीचं.

सकाळच्या पेपरात आलं — तैपेईचा एक बडा समूह आमची कंपनी गिळणार. नऊला बाजार उघडला आणि ब्रोकरच्या हॉलमधल्या फळ्यावर आमचं नाव लाल. इथे लाल म्हणजे चढलं. साडेनऊला दिवसाच्या मर्यादेला जाऊन टेकलंसुद्धा. शेजारच्या खुर्चीवरच्या चुंग वहिनींनी होते नव्हते तेवढे शेअर विकले आणि वर मलाच ऐकवलं, "अगं युए-चिन, हा भाव काय तुझ्याकडे मुक्कामाला आलाय?"

निवृत्त होईपर्यंत बावीस वर्षं त्या कंपनीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले मी. पेपरवाल्यांपेक्षा मला थोडं जास्त कळतं. नवी चिप तयार होतेय — कानातल्या यंत्रात बसवायची. बाजारातल्या गोंगाटातून समोरच्या माणसाचा आवाज वेगळा काढते. ती एकदा बाहेर पडली की आजच्या भावाला कोणी विचारणार नाही. माझे साठ हजार शेअर आहेत. थांबायचं.

२० एप्रिल

आजही लाल. आजही नाही.

२४ एप्रिल, रविवार

आ-युंग जेवायला आला. मुलाला आपल्याच कंपनीत लागून सहा वर्षं झाली, नव्या चिपच्याच विभागात. आईने चिकटवला असं लोक म्हणतात; परीक्षा त्याने स्वतः दिली.

सुकवलेला मुळा घालून ऑम्लेट केलं होतं. दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "आई, विकून टाक."

"तू तिथे नोकरी करतोस आणि मला विक म्हणतोस?"

"म्हणून तर म्हणतोय."

त्याला चुपेईत स्टेशनाजवळ फ्लॅट घ्यायचाय, मला काय कळत नाही? आमचा म्हातारा भात वाढून घेत म्हणाला, "तिला सांगून काय उपयोग. तिने मला नाही विकलं अजून." तिघेही हसलो. आ-युंग जरा उशिरा हसला.

३ मे

चुंग वहिनी विचारत होत्या, एवढा जीव का त्या कागदांवर. त्यांना सांगितलं नाही, इथे लिहिते.

२००१ साली मंदी आली तेव्हा पेंग साहेब कॅन्टीनमध्ये बूट काढून स्टुलावर उभे राहिले. म्हणाले, नववर्षाचा बोनस द्यायला पैसे नाहीत, शेअर देतो. उद्या रद्दीच्या भावाने गेले तर मला शिव्या घाला. कंपनीचा मालक, पण मोज्याला भोक — मी पुढेच उभी होते, दिसलं. लायनीतल्या बायकांनी मिळेल त्या भावाला फुंकून टाकले. मी माझे ठेवले, आणि दोघी-तिघींकडून घेतलेही. म्हाताऱ्याला दोन वर्षं पत्ता लागू दिला नाही. तो माणूस खोटं बोलला नाही. माझा विश्वास बसला तो बसलाच.

१३ मे, शुक्रवार

समूहाने बातमी नाकारली. "असा कोणताही विचार नाही." भाव हिरवा, आपटला. चुंग वहिनी माझ्यासाठी पपई घेऊन आल्या. भेटायला आले म्हणाल्या. मयतीला येतात तशा बसल्या होत्या.

पपई गोड निघाली.

२३ मे, सोमवार

विचार नाही म्हणे! गुपचूप शेअर गोळा करत होते. आज वार्षिक सभेचा कागद आला. २१ जूनला संचालकांची निवडणूक. सात खुर्च्या. ज्याच्या चार, त्याची कंपनी. पेंग साहेबांच्या तीन पक्क्या, समूहाच्या तीन. भांडण चौथ्या खुर्चीचं.

म्हणजे आता नुसतं न विकणं पुरे नाही. मत द्यायला हवं. स्वतः जाणार. कागद ड्रॉवरमध्ये, सहीऐवजी मारायच्या माझ्या शिक्क्याशेजारी ठेवला.

४ जून, शनिवार

आ-युंगशी वाजलं.

"मत पेंग साहेबांना देणार ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मग कोणाला देणार?

"आई, म्हातारे झालेत ते. नवी चिप कागदावर तयार आहे. पुढची यंत्रं घ्यायची म्हटलं की म्हणतात, पुढल्या वर्षी. तीन वर्षं पुढलं वर्षच चाललंय. समूह पैसा ओतेल."

"ओतेल आणि सगळं उचलून चीनला नेईल. मग तू काय करशील?"

"माझं काय व्हायचंय ते होईल."

मी जरा जास्तच बोलले. कोणाच्या अन्नावर वाढलास ते विसरू नकोस, असंही म्हटलं. तो भांडी घासून गेला. भांडी घासायला मी सांगितलं नव्हतं.

८ जून, बुधवार

उद्या ड्रॅगन-होड्यांचा सण. बांबूच्या पानात भाताच्या पुड्या बांधत होते, दोरा घ्यायला ड्रॉवर उघडला. कागद नाही!

म्हाताऱ्याला एक छंद आहे. चाळीसएक कंपन्यांचा एकेक शेअर घेऊन ठेवलाय — सभेची भेटवस्तू मिळते म्हणून. मे-जून आला की सगळे कागद गोळा करायचे, शिक्के मारायचे, बाजारात टेबलं लागतात तिथे द्यायचे. मत टेबलवाल्यांना, वस्तू आपल्याला. घरात सतरा छत्र्या आहेत. यंदा गठ्ठ्यात माझाही कागद गेला. माझा शिक्का मारून.

"थर्मास मिळाला," म्हणाला. "चांगला आहे. पाणी गरम राहतं."

"कोणाच्या टेबलावर दिलास?"

दोन टेबलं होती. एक पेंग साहेबांच्या माणसांचं, एक समूहाचं. थर्मास दोन्हीकडे तोच.

"मग समूहाकडे का दिलास?"

"तिकडे रांग लहान होती."

चाळीस वर्षांचा संसार. आज पहिल्यांदा पुडी फेकून मारली. लागली नाही.

९ जून

सण. बोलले नाही. त्याने आठ पुड्या खाल्ल्या.

१३ जून, सोमवार

सभेच्या दोन दिवस आधीपर्यंत दिलेलं मत लेखी परत घेता येतं. चुंग वहिनींनी सांगितलं — देव त्यांचं भलं करो. सकाळच्या गाडीने तैपेईला गेले, शेअरचं काम बघणाऱ्या कचेरीत. खिडकीतल्या मुलीने ओळखपत्र पाहिलं, शिक्का पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, एवढ्यासाठी आलात? थर्मास परत मागत नाही हो आम्ही."

मी पिशवीतून काढून ठेवलाच होता खिडकीवर. तिने परत सरकवला.

काम झालं. गुडघे दुखताहेत. म्हातारा स्टेशनवर घ्यायला आला होता, दोन तास आधीपासून बसला होता म्हणे. बोलले त्याच्याशी.

२१ जून, मंगळवार

जिंकलो!

सभागृह खचाखच. समूहाच्या वकिलांची अख्खी रांग काळ्या सुटात. एका शेअरला सात मतं, हवी तर एकालाच देता येतात; मी माझी सगळी चौथ्या खुर्चीवर टाकली. मोजणी दोनदा झाली. पेंग साहेबांच्या माणसाला चौथी खुर्ची मिळाली, पण अगदी थोडक्यात. दारात सगळ्यांना वाकून नमस्कार करत होते साहेब. मला बघून म्हणाले, "युए-चिन, आज एकेका मताने वाचलो."

रडू आलं. आलं तर आलं.

आ-युंगला फोन केला. "बरं," म्हणाला. "जेवलीस का?"

२२ जून

भाव हिरवा, थेट तळाला. चुंग वहिनी आज काही आणायच्या नाहीत. पडू दे. चिप येईल तेव्हा बघू.

२७ जून, सोमवार

आ-युंग दहा वाजताच घरी आला. कंपनीच्या गेटवर त्याचं कार्ड चाललं नाही. अकरा जणांचं चाललं नाही — नव्या चिपचा अख्खा विभाग. समूह आला तर आम्ही त्यांच्याबरोबर काम करू, असं या अकरा जणांनी एप्रिलमध्ये लिहून दिलं होतं. तो कागद पेंग साहेबांच्या हाती लागला.

मी म्हटलं, मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं असतं तर तुला माझ्यासाठी मत द्यावं लागलं असतं. ते नको होतं."

म्हातारा सगळं ऐकत होता. त्याने तव्यावर भात परतला, आ-युंगला वाढला, मग मला वाढला. माझा तसाच पडलाय.