माझ्या मढ्यावरून

आये,

तू घरात दिवसभर मरण वाटत असायचीस. उठायला उशीर झाला की "ऊठ गं मढे", शाळेतून यायला उशीर झाला की "कुठं मेली व्हतीस इतका येळ", तव्याचा चटका बसला की "जळ्ळा मेला त्यो तवा". मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरली की तू त्यांचा मुडदा बसवायचीस आणि ती गुमान परत फिरायची, आपलं नाव तेच आहे असं त्यांना वाटत असावं. आबा म्हणायचे, "हिच्या शिव्या लागल्या असत्या तर आण्याचं अख्खं पठार ओस पडलं असतं." पण मी शाळेला निघताना "जाते" म्हटलं की तुझा हात वर उठायचा. "येती म्हनावं." बांगडी फुटायची नाही, वाढवायची. दिवा विझवायचा नाही, मालवायचा. ज्या तोंडात दिवसभर मढं आणि मुडदा, त्याच तोंडाला 'जाते' एवढा साधा शब्द चालायचा नाही. मला तेव्हा तू अडाणी वाटायचीस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, म्हणजे हे पत्र न पोचायला दोन कारणं आहेत. तरी लिहिते. जिवंत माणसाला सांगायला गेलं की तो मला समजावतो. "मॅडम, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत," म्हणतो. ते मला ऐकायचं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मेले, काय केलंस?" तेवढंच मला कुणीतरी विचारायला हवं आहे.

तुझ्या त्या मढ्या-मुडद्याच्या घरातून निघून मी इंग्रजीची मास्तरीण झाले, ते तू पाहिलंस. पण मी वर्गात काय शिकवते ते तुला कधी सांगितलं नाही. इंग्रजांनाही तुझ्यासारखीच खोड आहे बघ. पुट टू डेथ म्हणजे देहदंड देणं. बीट टू डेथ म्हणजे जीव जाईस्तोवर मारणं. आणि लगेच त्याच शेपटाला बोअर्ड टू डेथ, स्केअर्ड टू डेथ, वरीड टू डेथ, जिथं कुणी मरत नाही, नुसता कंटाळा नाहीतर भीती नाहीतर काळजी किती मोठी ते सांगायचं. आपण नाही का हसून हसून मरत, लाजेनं मेल्याहून मेल्यासारखे होत? दहावीच्या वर्गात मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारते. डावीकडे मारामारी आणि शिक्षा, उजवीकडे भावना. ओव्हर माय डेड बॉडी हे उजवीकडे येतं. त्याचा अर्थ मी पोरांना 'तीव्र विरोध' असा लिहून देते. इतकी वर्षं तीच रेघ, तोच खडू. मला तो धडा शिकवायला आवडायचा, कारण त्या दिवशी मागचे बाकही जागे असतात.

या वर्षीही जागे होते. मी म्हटलं, यातला एकेक शब्दप्रयोग घेऊन आपापल्या घरातलं वाक्य लिहून आणा. एकानं लिहिलं, माझी आजी मालिका बघताना मला बोअर करून मारते. एकीनं लिहिलं, बिबट्याच्या भीतीनं आमचा कुत्राच मेला. दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. वस्तीवरून सायकलनं यायची, अक्षर सुबक, वहीला वर्तमानपत्राचं कव्हर. तिनं लिहिलं होतं, 'माय फादर विल बीट मी टू डेथ इफ आय से नो.' वाक्यात एकही चूक नव्हती. मला इतका आनंद झाला की मी लाल पेनानं बरोबरची खूण केली, बाजूला 'गुड' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला उभं करून ते मोठ्यानं वाचायला लावलं. वर्ग हसला. तीही हसली. मी फळ्याकडे बोट करून विचारलं, "कोणत्या बाजूला टाकायचं हे?" सगळी पोरं एका सुरात म्हणाली, "उजवीकडे!" ती खाली बसली. नाही म्हणायचं ते कशाला, असं मी तिला विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी तिची जागा रिकामी झाली. पहिले दोन दिवस मी ताप असेल म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी तिच्या शेजारची म्हणाली, "मॅडम, तिची सुपारी फुटली." ती ज्या सुरात म्हणाली, त्या सुरात पोरी सहलीची बातमी सांगतात. मी स्टाफरूममध्ये गेले, वह्यांच्या गठ्ठ्यातून तिची वही काढली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. माझी खूण होती तिथंच होती. मुख्याध्यापकांकडे गेले तर ते म्हणाले, "मॅडम, फॉर्म भरलाय ना तिचा? मग परीक्षेला येईल की. घरगुती गोष्टीत आपण किती पडायचं?" ते वाईट माणूस नाहीत. त्यांची पेन्शन दोन वर्षांवर आली आहे, एवढंच.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी स्कूटर काढली आणि वस्तीच्या रस्त्याला लागले, तेव्हा सारखी तूच डोळ्यांपुढे येत होतीस. आपल्या दारातली, आडवी.

मी नववीत आहे. डिंगोऱ्याकडचं स्थळ आलंय, पाण्याखालची जमीन, शंभर मेंढरं, मुलगा माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा. आबांनी होकार कळवलाय, सकाळी पाहुणे यायचेत. आठ दिवस तू एकच घोकतेस, "माझ्या मढ्यावरनं न्यायची पोरीला." आबा हसतात. "तू तं रोजच मरतीस," म्हणतात. मला तुझा राग येतोय, कारण मला जांभळी साडी मिळणार आहे. सकाळी तू अंगण सारवतेस, चुलीवर चहाचं आधण ठेवतेस, धुतलेलं लुगडं नेसतेस. बाहेर जीप थांबल्याचा आवाज येतो. तू उंबऱ्याला लागून घोंगडी पसरतेस, चिंधीनं स्वतःच्या पायांचे दोन्ही अंगठे एकत्र बांधतेस, तुळशीचं पान ओठांत धरतेस आणि दक्षिणेला पाय करून आडवी होतेस. अख्खं दार अडलेलं. पाच पुरुष अंगणात येतात. सगळ्यात म्हातारा आहे तो चप्पल काढतो, तुला बघतो आणि पुन्हा चप्पल घालतो.

"पावणं, घरात काय झालं?"

"काय न्हाई वो," आबा म्हणतात. "ती आशीच पडलीया. या तुमी, या."

"कसं यावं? जित्या माणसाला वलांडू नाय, अन् हितं तर आंगठं बांधल्यालं हायेत." म्हातारा मागे सरकतो. "आमी येतो, राव."

आबा तुला हाक मारतात, हलवतात, मग बायकोला सगळ्यांसमोर ओढायची तरी कशी म्हणून नुसते उभे राहतात. तू डोळे उघडत नाहीस. बारा गावच्या शिव्या येणारी माझी आई त्या दिवशी एक अक्षर बोलली नाही, कारण तोंडात तुळस होती. जीप गेली. घरी पोचल्यावर त्या पाचही जणांनी डोक्यावरून अंघोळी केल्या, असं नंतर बेल्ह्याच्या बाजारात कुणीतरी आबांना सांगितलं. तू उठून बसलीस, चिंधी सोडलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघती काय मेले, च्या उतू चालला."

आबा तीन महिने तुझ्याशी बोलले नाहीत. बाया तुला पाणवठ्यावर 'मेलेली' म्हणायच्या. मीही तुझ्यावर रुसले, आणि मग दहावी झाले, बारावी झाले, बीए, बीएड झाले. ज्या आजारात तू गेलीस, त्यात शेवटचे पंधरा दिवस तू मला एकदाही मेले म्हणाली नाहीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पुढे कुणीतरी खरोखर तुझे अंगठे बांधले, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं पातेलं चुलीवर चढवून आले. ते उतू गेलं. तू उठली नाहीस.

तर त्या मुलीच्या घरी गेले. पत्र्याचं नीटनेटकं घर, दारात मका वाळत घातलेला. तिचे वडील मला बघून खाटेवरून उठले, त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणली, फडक्यानं पुसली. मी मनात एक राक्षस घेऊन गेले होते आणि समोर हा माणूस, मुंडाशाचं टोक सावरत, आदबीनं बोलणारा.

"आमची पोरगी तुमचं लई सांगती म्याडम. बसा."

मी लग्नाचं विचारलं. म्हणाले, "आवो, स्थळ चांगलं हाय. पुन्हा आसं येतंय व्हय? परीक्षा काय, सासरहून दील. त्यास्नी आडचन न्हाई."

मी वयाचं बोलले, कायद्याचं बोलले. ते मान डोलवत राहिले. मग मी म्हटलं, घरात पोरीला धाक आहे असं कानावर आलंय. ते खरंच दुखावले. "म्या मारीन व्हय तिला? आवो, बोलायची रीत आसती. तुमच्या आईनं नाय का तुमाला कवा शिव्या दिल्या?"

तिची वही माझ्या पर्समध्ये होती, ती बाहेर काढायची सोय नव्हती. काढली असती तर मी गेल्यावर तिच्यावर काय बेतलं असतं ते त्या वहीतच लिहिलेलं होतं. तिची आई भिंतीला टेकून मका सोलत होती, तिनं एकदाही वर पाहिलं नाही. मग ती मुलगी चहा घेऊन आली, आणि आये, मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक तिथं केली. बापाच्या समोर, आईच्या समोर, मास्तरणीच्या मोकळ्या प्रेमळ आवाजात मी तिला विचारलं, "बाळा, तुझी काय इच्छा आहे? मनातलं सांग."

"माझी इच्छा हाय, मॅडम," ती कपाकडे बघत म्हणाली.

"बगा," वडील म्हणाले.

मी तिला 'नाही' म्हणायची संधी दिली, असं मला त्या क्षणी वाटलं. 'नाही' म्हटलं तर काय होईल, ते तिनं मला तीन आठवडे आधी लिहून दिलं होतं, आणि मी त्याला 'गुड' दिलं होतं.

पुढचं थोडक्यात सांगते. शाळेच्या भिंतीवर रंगवलेला मुलांच्या मदतीचा नंबर मी दुसऱ्या दिवशी फिरवला. फोनवरच्या बाई चांगल्या होत्या, सगळं लिहून घेतलं. माणसं आली. वडिलांनी अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही असं लिहून दिलं, सही केली, आलेल्यांना चहा पाजला. आठ दिवसांनी मुलगी मामाकडे राहायला गेली. तिथंच कुठल्याशा देवळात चार माणसांत लग्न झालं. मी पुन्हा फोन केला. त्या बाईंनी पुन्हा लिहून घेतलं. कागद फिरतोय म्हणतात. ती परीक्षेला आली नाही. तिच्या बैठक क्रमांकाचं बाक तीन तास रिकामं होतं आणि त्या खोलीवर पर्यवेक्षक म्हणून नेमकी माझी नेमणूक होती.

वही अजून माझ्याकडे आहे. हे पत्र तिच्यातच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवायचं? पुढच्या वर्षी तो धडा येईल तेव्हा फळ्यावर रेघ मारता येईल की नाही, ठाऊक नाही. मारीन बहुतेक. अभ्यासक्रमात आहे.

एक गोष्ट मात्र मी फोनवरच्या बाईंना सांगितली नाही, मुख्याध्यापकांना नाही, घरीही नाही. त्या दिवशी त्यांच्या घरातून उठले, तिला "येते हं" म्हटलं, तुझ्या शिकवणुकीप्रमाणे, आणि दारापाशी आले. तिथं मी थांबले. तू आठवलीस. मला वाटलं, आपण इथं आडवं व्हावं. शाळेची बाई दारात मढ्यासारखी पडली म्हटल्यावर वस्ती गोळा झाली असती, ते डिंगोऱ्याचे पाहुणे परत गेले तसे तिला मागणी घातलेले पाहुणेही ते ऐकून कदाचित मागे फिरले असते. ती माझ्या मागेच उभी होती, रिकामा कप हातात घेऊन. मी खाली पाहिलं. उंबरा नुकताच पुसलेला होता, ओला होता. आणि आये, खरं सांगते, साडी इस्त्रीची होती. मी निऱ्या वर उचलून धरल्या आणि तो ओलांडला.