माळवस्तीची स्वरा

३ सप्टेंबर
बारा दिवस झाले, माळवस्तीचं एक लेकरू अंगणवाडीत आलं न्हाई. पोळ्याला तोरणाखालून आधी कुणाचे बैल जाणार, यावरून हाणामारी! माझ्या दिराचं, संपतचं, डोकं फुटलं. वस्तीची चार माणसं पोलिसांनी आत टाकली. आता गावातलं कुणी तिकडं जात न्हाई, तिकडचं कुणी इकडं येत न्हाई. दुकानदार त्यांना मीठसुद्धा देईनात. बैल बिचारे दोन्हीकडचे गोठ्यात रवंथ करून राह्यले. अक्कल गेली ती माणसांची!

४ सप्टेंबर
पोषण आहाराची पाकिटं घेऊन वस्तीवर जाते म्हटलं. हे भडकले. "संपतचे टाके निघाले न्हाईत अन् तू त्यांच्या लेकरांना खाऊ घालायला निघाली!" मी म्हटलं, लेकरांनी कुणाचं डोकं फोडलं? ह्यांनी ताट सारलं. मी निघाले.

घोट्याएवढा चिखल. वस्तीवर सगळी दारं बंद. आसराबाई तेवढी ओट्यावर. "तुमच्या गावचं खाणं नको बाई. कुणी काय कालवलं असंल, कुणाला माहीत!"

पंधरा वर्षं वस्तीच्या लेकरांना भरवून राह्यले मी! रडूच आलं. मंग तिथंच पाकीट फोडलं अन् मूठभर कोरडंच तोंडात कोंबलं. ठसका लागला. म्हातारीनंच पाणी आणलं. अन् दार उघडलं.

आत तिची सून, रेणू. मांडीवर स्वरा — चौदा महिन्यांची. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली, काटा लाल रंगावर, म्हंजी लईच कुपोषित! वजन पाच किलो आठशे. आईचा चेहरा मोबाईलवर घेतल्याबिगर पाकीट द्यायचं न्हाई, असा नियम. रेणूनं पदर ओढला. "फोटो नको ताई. मारामारीचा व्हिडिओ बघूनच पोलिसांनी आमची माणसं उचलली." तिच्या नवऱ्याचं, अंगदचं, नाव तक्रारीत आहे. तो तेव्हाचा पळालाय.

दिली तशीच पाकिटं. काय व्हायचं ते होऊ दे.

६ सप्टेंबर
पोरीला दवाखान्यात भरती कर म्हटलं रेणूला. "मालकाला विचारल्याबिगर कसं येऊ?" मालक कुठंय, ते सांगत न्हाई.

८ सप्टेंबर
स्वरा डोळे उघडंना. मी रेणूवर ओरडले — नवरा आज ना उद्या येईल, पोर गेली तर येणार न्हाई! मंग उठली. गाडी बोलावून जल्दी जालन्याला नेलं. चौदा दिवस ठेवायचं म्हणाले.

१३ सप्टेंबर
दोनशे ग्रॅम वाढली! माझं बोट धरून ओढत होती. रेणू कानात म्हणाली, "ते उद्या येणार हायेत पोरीला बघायला. कुणाला बोलू नका, ताई."

घरी आले. कित्येक दिवसांनी भूक लागल्ती. भाकऱ्या थापता थापता ह्यांना सगळं सांगितलं. हे पण नीट बोलले आज. "चांगलं झालं," म्हणाले. पोळ्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं संगं जेवलो.

१४ सप्टेंबर
दवाखान्याच्या गेटातच पोलिसांनी अंगदला धरलं. रेणूचा फोन — "तुम्हालाच सांगितल्तं, ताई."

ह्यांना विचारलं. लपवलं पण न्हाई. "मीच केल्ता फोन. भावाचं डोकं फोडणाऱ्याला सोडू का?"

मी सांगितलं कशाला? नवरा म्हणून सांगितलं. सवयीनं सांगितलं. जीभ झडावी माझी!

१५ सप्टेंबर
खाट रिकामी. रेणू पोरीला घेऊन निघून गेली, औषधं तिथंच टाकून. पळत वस्तीवर गेले. आसराबाई दारात आडवी. "तुमचं खाल्लं आम्ही. तुम्ही आमचं घर खाल्लं." आतून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. हात जोडले, पाया पडले. न्हाई उघडलं. आरोग्य केंद्राची नर्स पाठवली, तिला पण हाकललं.

१६ सप्टेंबर
परत गेले. लांबूनच दगड आला.

१८ सप्टेंबर
अंगदला सोडलं. पोळ्याच्या दिवशी तो गावात नव्हताच. आजारी स्वराला घेऊन मंठ्याच्या दवाखान्यात बसल्ता, तिथला कागद निघाला. त्याचं नाव ह्यांनी रागारागात लिहून दिल्तं.

सुटला, तो पोरीच्या मातीलाच आला.