केन ऑल्डक्रॉफ्टचा डॉक्टर

प्रिय देवू,

पत्र बघून दचकू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. हे फोनवर बोलायला जमणार नाही. तू मध्येच 'बरं बाबा, ठेवते' म्हणालीस तर मला पुन्हा धीर व्हायचा नाही. केन गेल्याचं तू बातम्यांत ऐकलंच असशील. त्याच्या मेंदूचा रिपोर्ट आलाय. वर्षानुवर्षं फुटबॉलला डोक्याने हेडर मारून आणि डोक्यावर मार खाऊन मेंदू खराब झाला, असं त्यात आहे. मंगळवारी कॉरोनरच्या कोर्टात त्याच्या मृत्यूची चौकशी आहे आणि क्लबचा त्या वेळचा डॉक्टर म्हणून मला साक्ष द्यायची आहे.

फ्युनरलला अख्खं गाव रस्त्यावर उतरलं होतं. क्लबसाठी दोनशे सत्त्याऐंशी गोल, इंग्लंडकडून अकरा मॅचेस, असा सेंटर-फॉरवर्ड या गावाला पुन्हा मिळाला नाही. स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे ना, तोही हेडर मारतानाचा. गेल्या वर्षी मॉरीन त्याला तिथे घेऊन गेली, तर हा बायकोलाच विचारतो, हा कोण पोरगा? ती हसली आणि गाडीत बसल्यावर ढसाढसा रडली. मी मागच्या सीटवर होतो. खिडकीबाहेर बघत बसलो.

सुरुवातीच्या दिवसांतलं तुला कधी सांगितलं नाही, आईलाही नाही. तेव्हा ग्राउंडवर हिंदुस्थानी असा मी एकटा. बॅग घेऊन मैदानात धावलो की स्टँडमधून माकडांचे आवाज यायचे. ड्रेसिंग रूममध्ये माझ्याशेजारी येऊन बसायचा तो फक्त केन. आईने दिलेलं थालीपीठ हक्काने मागून खायचा, वर तिखट कमी पडलं म्हणायचा लबाड!

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये कपच्या मॅचला तो डिफेंडरच्या डोक्यावर आदळला. मिनिटभर शुद्ध नव्हती. तेव्हा आमची तपासणी म्हणजे तीन प्रश्न: ग्राउंड कुठलं, स्कोअर काय, शेवटचा गोल कुणाचा. त्याला एकाचंही उत्तर येईना. मला म्हणाला, आईला सांग, चहाला येतो. त्याची आई जाऊन सहा वर्षं झाली होती गं. मॅनेजर ओरडतोय, चाळीस हजार माणसं ओरडतायत. आणि मी काय केलं? त्याच्या कानाशी लागून तिन्ही उत्तरं सांगितली, त्याच्याकडून वदवून घेतली आणि 'ठीक आहे' म्हणून मॅनेजरला अंगठा वर करून दाखवला. दहा मिनिटांत केनने हेडरने गोल मारला. मॅच संपल्यावर सगळा स्टँड 'डॉक, डॉक' करत होता, आणि देवू, मला इतका आनंद झाला होता! पुन्हा माकडांचे आवाज आले नाहीत. पुढच्या काही वर्षांत केन आणखी चार वेळा तसाच पडला आणि चारही वेळा मी त्याला परत पाठवला.

आठ वर्षांपूर्वी दिवाळीला तू एडिनबराहून आलीस आणि फराळ करता करता सरळ विचारलंस, बाबा, डोक्याला लागलेल्या कुणाला खेळायला परत पाठवलं होतं का? मी ताट सरकवलं. न्यूरॉलॉजिस्ट झालीस म्हणून बापाला डॉक्टरकी शिकवतेस का, असं ओरडलो. तू बॅग उचलून निघालीस, आई बिचारी दारापर्यंत धावली. पुढे आई गेली तेव्हाही आपण दोघं एका घरात पाहुण्यांसारखे वावरलो. तुझं चुकलं नव्हतं. मी खरं लपवलं होतं.

सॉलिसिटरने माझं स्टेटमेंट तयार केलंय. तपासणी तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे केली, एवढं वाचायचं आणि बसायचं. मी ते वाचणार नाही, जे झालं ते सांगणार आहे. पेपरात नाव येईल. तुझं आडनाव तेच, हॉस्पिटलमध्ये तुला विचारतील, म्हणून तुला माझ्याकडून आधी कळायला हवं होतं.

पण पत्र काही तेवढ्यासाठी नाही. मॉरीनला यातलं काहीच माहीत नाही. दोनदा सांगायला गेलो, तिने चहा पुढे ठेवला आणि माझी जीभ रेटेना. तुला शाळेतून आणायची, तुझ्या वेण्या घालायची ती बाई. तिला ना मूल, ना भावंड. काल फोन करून म्हणाली, कोर्टात मला एकटीला भीती वाटते, डॉक, तू माझ्याजवळ बस. मी हो म्हणून बसलो. मंगळवारी दहा वाजता माझं नाव पुकारतील आणि मी तिच्या शेजारून उठेन. त्यानंतर तिथे परत जाऊन बसायला मला तोंड उरणार नाही. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस हवं तर. पण मी उठलो की तू मॉरीनजवळ येऊन बसशील का?

तुला अजून चालत असेल तर तुझाच,
बाबा