प्रकाशयोजनेत सुधारणेस वाव

५ फेब्रुवारी
ऑफिसची डायरी आज हातात पडली. जानेवारीची पानं कोरी. हरकत नाही. कोऱ्या पानावर कुणाला आक्षेप घेता येत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व.

संकल्प: रोज लिहिणं. पोट कमी करणं. आणि नदीपलीकडच्या शेजारी देशातल्या कारखान्यावर यंदा डोळ्यांत तेल घालून लक्ष.

पुढे आठवणी लिहायला घेईन तेव्हा उपयोगी पडेल म्हणून नोंद: मी अणु-तपासनीस. ज्यांच्याकडे बॉम्ब नाही त्यांनी तो करायचा नाही, असा देशोदेशींचा करार आहे. करत नाहीत ना, हे आत जाऊन बघायचं काम आमच्या संस्थेचं. त्या कारखान्यापुरतं माझं. तिथे वीजघरांसाठी इंधन तयार होतं. नऊ वर्षं तो माझ्याकडे आहे आणि नऊ वर्षांत बॉम्ब झालेला नाही. मी काही म्हणत नाही. लोकांनी काय ते समजावं.

८ फेब्रुवारी
लेकीचा फोन. सातवा लागलाय. ती आणि जावई नदीच्या अलीकडच्या काठावर राहतात. गॅलरीतून कारखान्याची चिमणी दिसते. जावयाला लांब दक्षिणेत बदली मिळतेय, पगार कमी. महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. पलीकडच्यांनी बॉम्ब केला तर पहिली ठिणगी सरहद्दीच्या पुलावरच पडणार म्हणून शेजारीपाजारी घरं सोडून चाललेत म्हणे. तिने विचारलं, बाबा, तिथे काही शिजत नाही ना?

मला हसू आलं. म्हटलं, बाप स्वतः आत जाऊन बघतो आणि तू शेजारणींचं ऐकतेस? जावई म्हणाला, तुम्ही म्हणता तर राहतो.

बायकोचं मत, निदान बाळंतपणाला तरी तिला इकडे आणू. मी नाही म्हटलं. तपासनीसाचीच लेक पळाली तर बाकीच्यांनी काय करायचं? मग बायकोने विचारलं, तिथलं सगळं तुम्ही बघितलंय ना? म्हटलं, अर्थात. सगळं म्हणजे ते दाखवतात ते सगळं.

१२ फेब्रुवारी
कारखान्याची भेट. हॉल नंबर तीनमध्ये आमचा सीलबंद कॅमेरा आहे, दर थोड्या वेळाने फोटो काढतो. या खेपेला बरेच फोटो नुसते काळे. लाईट गेली होती. मॅनेजरने फार मनापासून दिलगिरी व्यक्त केली, वायरिंग जुनं आहे म्हणाला. सज्जन माणूस. माझ्या पाठीचं दुखणं लक्षात ठेवून खुर्चीवर उशी घालून ठेवली होती. लेकीची चौकशी केली.

माझ्या टीममध्ये एक बाई आहे. मी तिला शंकासुर म्हणतो, मनात. ती म्हणाली, बाहेरच्या पॅसेजमधले पंखे चालू असतात आणि या एकाच हॉलची लाईट बरी जाते. झालं, सुतावरून स्वर्ग. हॉलच्या मागच्या भिंतीला एक लोखंडी शटर आहे. करारानुसार आपल्याला ते उभ्याउभ्या उघडायला लावता येतं, आत्ताच लावा, असा तिचा हट्ट. मॅनेजर म्हणाला, किल्लीवाला लग्नाला गेलाय. म्हटलं, पुढच्या वेळी.

त्यांच्याकडे जेवायचं नाही असं ठरवलं होतं. जेवलो. नाही म्हटलं असतं तर अपमान झाला असता आणि अपमान झाला की सहकार्य संपतं.

१३ फेब्रुवारी
दाढी करताना कल्पना सुचली. अंधार ही अडचण आहे ना? मग उजेड द्या! इतकी मोठी संस्था, इतके तज्ज्ञ, कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाजारात जाऊन बॅटरीवरचा दिवा आणला. लाईट गेली की आपोआप लागतो. स्वखर्चाने. कुणी ढापू नये म्हणून लाल मार्करने ठळक लिहिलं: जपून वापरा.

बायको म्हणाली, जा, तिथे जाऊन दिवे लावा. शुभेच्छा समजून घेतल्या.

२८ फेब्रुवारी
जावयाने बदली नाकारली. उत्तम. लेक म्हणाली, तुमच्या भरवशावर हं बाबा. फोन ठेवला आणि रात्रीचं ताट तसंच ठेवून उठलो. दुपारचं जेवण जड झालं असणार. उद्यापासून कमी खाणे.

९ मार्च
दिवा सुपूर्द केला. मॅनेजरने दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. अधिकारी येतात आणि संशय घेऊन जातात, म्हणाला, तुम्ही पहिलेच काहीतरी घेऊन आलात. कॅमेऱ्यासमोर स्टूल ठेवून त्यावर दिवा ठेवला. मी हे सगळं शंकासुराला मुद्दाम जवळून बघायला लावलं. असं होतं काम.

मधल्या काळातले फोटो पुन्हा काळे. पण तेव्हा दिवा नव्हता, तेव्हा ते धरायचे नाहीत.

शटरचं विचारलं. मी विचारलं, हे इथे नमूद करतो. मॅनेजर म्हणाला, कालच रंग दिलाय, ओला आहे. शंकासुराने पुढे होऊन सरळ बोट लावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, कोरडा आहे. काय ही रीत! मी बोट लावलं नाही. मी माणसाच्या शब्दाला हात लावत नाही.

११ मार्च
अहवाल. शंकासुराने मसुद्यात लिहिलं होतं: लपवाछपवीचा दाट संशय, न कळवता तपासणी ताबडतोब व्हावी. टीमचा प्रमुख मी, सही माझी. असल्या भाषेने दारं बंद होतात. मी बदलून लिहिलं: हॉल तीनच्या प्रकाशयोजनेत सुधारणेस वाव आहे. सगळं आलं त्यात. वाचणाऱ्याला अक्कल असली म्हणजे झालं.

२ एप्रिल
सगळ्या देशांच्या प्रतिनिधींची बैठक. अहवालाची नुसती दखल घ्यायची की चिंता व्यक्त करायची, यावर दोन दिवस काथ्याकूट. ज्यांच्या स्वतःच्या कोठारात बॉम्ब आहेत ते शांततेवर सगळ्यांत जास्त वेळ बोलले. शेवटी चिंता गळाली, दखल राहिली. माझं वाक्य मात्र एकमताने मंजूर! एका शब्दालाही कुणी हात लावला नाही. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती बाळाची दुपटी शिवत होती. म्हणाली, बरं.

शंकासुराला दुसऱ्या टीममध्ये पाठवावं, अशी विनंती केली होती. तीही मंजूर. बाईने जाताना फक्त विचारलं, तुमची मुलगी त्या नदीकाठीच राहते ना? लोकांना खासगी गोष्टीत फार रस.

१४ एप्रिल
भेट. नव्या माणसाला ताप आल्यामुळे एकटाच गेलो. टीममधलं वातावरण फारच हलकं.

स्टुलावर दिवा नाही. दुरुस्तीला दिलाय म्हणाले. नवा दिवा महिन्यात बिघडला! दुकानदाराला फैलावर घेणार.

मी आत असतानाच हॉलची लाईट गेली. मिट्ट काळोख. आणि शटरच्या खालच्या फटीतून उजेडाची पट्टी. पांढरीस्वच्छ. आत कोणीतरी चालत होतं, पट्टीत सावली हलली. तोंडाशी शब्द आले होते. हे शटर उघडा, बस, एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात मॅनेजरने अंधारातच कोपर धरलं, जपून साहेब, म्हणाला, आणि मला पॅसेजमध्ये आणलं. तिथे हातात पुडी ठेवली. त्याच्या बायकोने विणलेली बाळाची टोपी. पिवळी. आता हातात टोपी घेऊन माणूस शटरचा विषय कसा काढणार?

भीती वाटली, असं लिहिलं होतं. खोडलं. त्यांचंही काही अंतर्गत काम असेल. पुढच्या महिन्यात नक्की. अहवालात आधीचंच वाक्य ठेवलं, ते मंजूर झालेलं आहे.

२८ एप्रिल
नात झाली! बाळ आठवडाभर आधीच आलं. दोघीही खुशाल. विहीणबाई आहेत तिकडे. बायकोचं तिकीट पाच तारखेचं, बॅग आत्तापासून दारात. टोपी कुरिअरने पाठवली होती, ती नेमकी बसते म्हणे. आज ताट चाटूनपुसून साफ.

३ मे
सकाळी पलीकडच्या देशाने अणुचाचणी केली. जाहीर करून, बँड वाजवून.

ऑफिसात बोलावलं. मोठ्या टेबलापाशी साहेबांनी माझं वाक्य वाचून दाखवलं. प्रकाशयोजनेत सुधारणेस वाव आहे. पुन्हा एकदा वाचलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पूल बंद. नदीकाठची गावं रिकामी करताहेत. जावयाने ती बदली अजून मिळेल का विचारलं. केव्हाच दुसऱ्याला दिली म्हणे. बाळाला घेऊन गाडीने निघालेत. बायकोचं तिकीट रद्द.

संध्याकाळी शंकासुर घरी आली. मला वाटलं आता ऐकवणार. ती मला वळसा घालून गेली. बायकोशेजारी बसली, तिचा हात धरून. मी आत जाऊन उभा राहिलो.

४ मे
पेपरात फोटो, चाचणीआधीचा. पांढऱ्या कोटातली माणसं टाळ्या वाजवताहेत, मधोमध आपला मॅनेजर. मागे शटर, आतल्या बाजूने. टेबलावर ती वस्तू, आणि तिच्यावर उजेड पडावा म्हणून अगदी जवळ ठेवलेला दिवा. दिव्यावर लाल अक्षरं. वाचता येतात. जपून वापरा.

बायकोने चष्मा लावून बघितला. पेपर घडी करून ठेवला.

मग लेकीचा फोन. गाडी महामार्गावर कालपासून अडकलीय, पुढेमागे गाड्याच गाड्या. पेट्रोल नाही, पाणी संपत आलंय. मागे बाळाचं रडणं. टोपी काढून टाक असं सांगणार होतो, पण वारा असेल. तिने फोटो अजून बघितलेला नाही. तिने रागही केला नाही. एवढंच विचारलं, बाबा, तिथलं सगळं तुम्ही स्वतः बघितलं होतं ना?

मी हो म्हणालो.

बायको समोर उभी होती. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि लेकीला म्हणाली, नाही गं, नव्हतं बघितलं.